दहावीनंतर जोडारी

सोलापुरी चादर विणणाऱ्या यंत्रमागाचा एखादा भाग झिजला, तर नवा अचूक बसवतो तो जोडारी, म्हणजेच फिटर. दहावीनंतर सोलापूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांत हे काम शिकता येते. लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेनंतर देशभर मान्य असलेले राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर अनुभव घेता येतो.

प्रमाणपत्रामागे असतो मोजणारा हात. शाळेतल्या नेहमीच्या व्हर्नियरवर १० भाग ९ मिलिमीटरमध्ये बसतात; म्हणून लघुतम माप ०.१ मिलिमीटर. जोडाऱ्याच्या व्हर्नियरवर ५० भाग ४९ मिलिमीटरमध्ये, म्हणून ०.०२!

करून पाहा: पेन्सिलीची जाडी एकाच जागी तीनदा मोजा. तिन्ही मापे जुळली का?