नवी प्रणाली, जुनी सवय : संगणक वापरणाऱ्यांच्या अनुभवांचा एक अभ्यास

कोणत्याही साधनाचा इतिहास दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ते बनविणाऱ्याच्या बाजूने; दुसरा, ते वापरणाऱ्याच्या बाजूने. संगणकाच्या बाबतीत पहिला प्रकार विपुल आहे. कोणती प्रणाली कोणत्या साली आली आणि तिच्यात नवे काय होते, हे सहज वाचावयास मिळते. परंतु ती नवी प्रणाली घेतल्यावर कचेरीतल्या कारकुनाचे, शिक्षकाचे किंवा छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याचे काय झाले, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज’ या प्रणालीची उदाहरणे घेऊन ही दुसरी बाजू तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हा विषय विज्ञान शाखेचा, असे कोणी म्हणेल. परंतु माणसाने सांगितलेला अनुभव कितपत खरा मानावा आणि त्याचे कारण कोठे शोधावे, हा प्रश्न तर आपल्याच शाखेचा आहे.

१. प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते लेखनाचे, हिशेबाचे किंवा चित्रांचे प्रोग्रॅम यांच्या मध्ये उभा असलेला व्यवस्थापक म्हणजे प्रणाली. कागद छापावयाचा असेल तर लेखनाचा प्रोग्रॅम प्रिंटरशी थेट बोलत नाही. तो प्रणालीला सांगतो. प्रणालीला त्या विशिष्ट प्रिंटरची भाषा समजावी म्हणून ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा लागतो. हा दुभाषा बहुधा प्रिंटर बनविणारी कंपनी पुरविते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रणाली बदलली की सगळे दुभाषे बदलावे लागण्याचा संभव असतो. आणि ज्या कंपनीने जुन्या यंत्रासाठी नवा दुभाषा तयार केला नाही, तिचे यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरते. वापरणाऱ्यांच्या पुष्कळ तक्रारींचे मर्म या एका गोष्टीवरून ध्यानात येईल.

२. व्हिस्टाची अपकीर्ती

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘विंडोज एक्सपी’ आली आणि लोकांच्या हातात चांगलीच बसली. तिच्यानंतरची ‘व्हिस्टा’ ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिच्याविषयीच्या तक्रारी मुख्यतः तीन होत्या : संगणक मंद झाला, जुने प्रिंटर व स्कॅनर चालेनासे झाले, आणि साधे काम करतानाही ‘परवानगी देता काय?’ असा प्रश्न वारंवार येऊ लागला.

या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण तिघींची कारणे निराळी होती. मंदपणाचे कारण असे की, व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट स्मृती लागे आणि तिचे देखणे रूप हवे असेल तर १ गिगाबाइट. पुष्कळ संगणकांवर ‘व्हिस्टासाठी सक्षम’ अशी चिठ्ठी होती, पण त्यांवर ते देखणे रूप चालत नसे. यावरून २००७ साली अमेरिकेत कंपनीविरुद्ध दावाही दाखल झाला. प्रिंटर अडले ते दुभाषे तयार नव्हते म्हणून. परवानगीच्या प्रश्नाचे कारण मात्र वेगळे होते. एक्सपीवर बहुतेक लोक सर्वाधिकार हाती घेऊनच काम करीत. त्यामुळे चुकून उघडलेल्या घातक प्रोग्रॅमलाही तेच सर्वाधिकार मिळत. व्हिस्टाने ही मुभा काढून घेतली. म्हणजे जो भाग लोकांना सर्वांत जाचक वाटला, तो त्यांच्याच रक्षणासाठी होता.

२००८ साली कंपनीने एक चमत्कारिक प्रयोग केला. सॅन फ्रान्सिस्कोत काही लोकांना ‘मोहावी’ नावाची नवी प्रणाली म्हणून व्हिस्टाच दाखविण्यात आली. लोकांनी तिची तारीफ केली. कंपनीने यातून असा निष्कर्ष काढला की, लोकांचा रोष पूर्वग्रहाचा आहे. हा निष्कर्ष अर्धाच बरोबर म्हणावा लागेल. प्रयोगातला संगणक कंपनीने स्वतः सज्ज केलेला होता. पाहणाऱ्याला स्वतःचा जुना प्रिंटर त्याला जोडावयाचा नव्हता, की स्वतःच्या फायली त्यात आणावयाच्या नव्हत्या. मांडवात पाहिलेले घर आणि सामानासह राहावयास गेलेले घर यांत जो फरक, तोच येथे आहे.

पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये ‘विंडोज ७’ आली आणि तिचे स्वागत झाले. ती व्हिस्टाच्याच पायावर उभी होती. मधल्या पावणेतीन वर्षांत दुभाषे तयार झाले होते, संगणक अधिक सशक्त झाले होते आणि परवानगीचे प्रश्न कमी केले गेले होते. तात्पर्य, अनुभव खोटा नसतो. पण अनुभवाचे कारण अनुभवणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

३. मराठी लिहिणाऱ्याचा अनुभव

याच व्हिस्टाकडे मराठीत लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. देवनागरीला युनिकोड पद्धतीचा आधार विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून मिळाला व तिच्याबरोबर ‘मंगल’ हा टंक आला. परंतु एक्सपीत ही सोय झोपलेल्या अवस्थेत असे. ती जागी करण्यासाठी नियंत्रणफलकात जाऊन खूण करावी लागे आणि पुष्कळदा प्रणालीची मूळ तबकडीही घालावी लागे. ज्याच्याजवळ तबकडी नाही, त्याच्या पडद्यावर मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसत. व्हिस्टात ही सोय मुळातच चालू होती. जी प्रणाली जगाने नाकारली, तिनेच मराठी वाचकाचा एक अडसर दूर केला, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात आपल्याकडील पुस्तके, अंक आणि पत्रव्यवहार खास मराठी टंकांत तयार होत. त्या फायलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठविलेले असतात. टंक त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवितो. नव्या संगणकावर तो टंक नसला की सबंध लेख अर्थहीन रोमन चिन्हांची रांग होऊन समोर येतो. शिवाय चौसष्ट बिटांच्या विंडोजवर जुने सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. म्हणजे प्रणाली बदलताना केवळ सवय नव्हे, तर आपला लिखित ठेवाही पणाला लागतो. ज्या संस्थेने जुन्या फायली वेळीच युनिकोडमध्ये उतरविल्या नाहीत, तिच्या कपाटात कागद आहेत पण वाचणारा नाही, अशी स्थिती होते.

४. बदलाचा हक्क कोणाचा?

ऑक्टोबर २०१२ मधील ‘विंडोज ८’ ने ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकले. १९९५ पासून, म्हणजे सतरा वर्षे, लोकांचा हात नकळत त्याच कोपऱ्याकडे जात होता. बोटाने स्पर्श करावयाच्या पडद्यांसाठी केलेली ही रचना माऊस वापरणाऱ्यांवर लादली गेली. रोष इतका झाला की, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ते बटण परत आणावे लागले.

२९ जुलै २०१५ रोजी आलेली ‘विंडोज १०’ एक वर्ष फुकट देण्यात आली. परंतु २०१६ मध्ये तिचा आग्रह इतका वाढला की, सूचनेच्या चौकटीची फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळी बदल होऊ लागला. फुली म्हणजे नकार, हा वीस वर्षांचा संकेत येथे मोडला. कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक महिलेला तर या बदलाने कामाचा संगणक बिघडल्याबद्दल न्यायालयाने दहा हजार डॉलर देवविले. ऑक्टोबर २०१८ च्या सुधारणेत काहींच्या फायली पुसल्या गेल्या आणि तिचे वितरण थांबवावे लागले. अशा तक्रारी दहा हजारांमागे एक, असे कंपनीने सांगितले. आकडा लहान खरा. पण ज्याचा प्रबंध गेला, त्याच्या दृष्टीने तो शंभर टक्केच होता.

मग जुन्या प्रणालीलाच चिकटून राहावे काय? याचे उत्तर मे २०१७ ने दिले. ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले व खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती. न बदलणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

‘विंडोज ११’ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिने सुरक्षेसाठी एका विशिष्ट चिपची आणि बऱ्याच नव्या प्रोसेसरची अट घातली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ चा नित्याचा आधार संपला. त्यामुळे उत्तम चालणारे कित्येक संगणक केवळ अटीत बसत नाहीत म्हणून मागे पडले. त्यांच्या मालकांपुढे मार्ग तीनच : थोड्या मुदतीची वाढीव सुरक्षा घेणे, लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणे, किंवा नवे यंत्र विकत घेणे. मध्यमवर्गीय घरात हा तिसरा मार्ग वाटतो तितका सोपा नाही.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून चार गोष्टी हाती येतात. बदलापूर्वी आपल्या फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती उघडते की नाही हे पाहावे. आपल्या प्रिंटरचा दुभाषा मिळतो काय, याची आधी चौकशी करावी. जुन्या टंकांतील मराठी मजकूर, तो टंक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणावा. आणि नवी प्रणाली निघताच धाव न घेता काही महिने थांबावे; सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र थांबवू नये.

वापरणाऱ्याची तक्रार ऐकून ‘याला नवे शिकावयास नको’ असे म्हणण्याची घाई आपण करतो. वास्तविक पाहता तो बहुधा एवढेच विचारीत असतो की, माझे कालचे काम उद्या मला उघडता येईल ना? या प्रश्नाला नीट उत्तर देणे, हे बदल घडविणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि तो प्रश्न वेळेवर विचारणे, हे आपले.