सामान्य विज्ञानाचा पाठ : सर्पाचें विष व त्यावरील उपाय

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक तरुण पोलीस, तलाठी, वनरक्षक इत्यादि जागांच्या परीक्षांकरितां अभ्यास करीत असतात. त्यांच्या पुस्तकांतील सामान्य विज्ञानाच्या भागांत असा एक प्रश्न आढळतो : मण्यार सर्पाचें विष शरीराच्या कोणत्या संस्थेवर परिणाम करितें? विद्यार्थी "मज्जासंस्था" हें उत्तर पाठ करितो व पुढील प्रश्नाकडे वळतो. परीक्षेंत या उत्तरास एक गुण मिळतो. परंतु माहुलीच्या पायथ्याच्या किंवा माळशेजच्या वाटेवरील पाड्यांत या उत्तरावर एखाद्याचा जीव अवलंबून असूं शकतो. म्हणून या पाठांत आम्ही तोच प्रश्न घेऊन त्यामागील कारणें सांगणार आहों. जे शिक्षक व उपदेशक रात्रीच्या वर्गांत हा पाठ वाचून दाखवितील, त्यांनीं शेवटचे प्रश्न अवश्य विचारावे.

१. सर्प हा कोणता प्राणी? सर्प हा पाठीचा कणा असलेला, सरपटणाऱ्या वर्गांतील प्राणी होय. पाल, सरडा, कासव व मगर हीं त्याच वर्गांत येतात. या वर्गांतील प्राण्यांच्या हृदयास तीन कप्पे असतात. मगरीच्या हृदयास मात्र चार असतात, हें परीक्षार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. सर्पास बाहेरचा कान नसतो. जमिनीचे कंप त्यास जबड्याच्या हाडांतून कळतात. दूध हें त्याचें अन्न नव्हे. उंदीर, बेडूक, पाली हें त्याचें भक्ष्य. उंदीर भातामागें घरांत येतो, व सर्प उंदरामागें येतो. तो मनुष्याचा सूड घेण्यास येतो ही समजूत निराधार आहे.

२. विष म्हणजे काय? सर्पाच्या डोळ्यामागें ज्या ग्रंथि असतात त्यांत विष तयार होतें व पोकळ किंवा खांचेच्या दांतांवाटे तें भक्ष्याच्या अंगांत जातें. तें मुख्यत्वें प्रथिनांचें बनलेलें असतें. आपल्या देशांत बहुतेक मृत्यु ज्यांमुळें घडतात ते चार सर्प असे : नाग, मण्यार, घोणस व फुरसें.

नाग व मण्यार यांचें विष मज्जातंतूंकडून स्नायूंस जाणारा निरोप अडवितें. प्रथम डोळ्यांच्या पापण्या जड होऊन मिटूं लागतात, मग बोलणें व गिळणें कठीण होतें, आणि शेवटीं श्वास घेणारे स्नायूच थांबतात. नागाच्या दंशाजागीं बहुधा सूज व वेदना असतात. मण्याराची गोष्ट निराळी आहे. तो रात्रीं फिरतो, जमिनीवर निजलेल्या मनुष्यास चावतो, व त्या दंशाच्या वेदना इतक्या थोड्या असतात कीं पुष्कळदां झोपही मोडत नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें, घसा आवळल्यासारखा होतो. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात, आणि मौल्यवान वेळ निघून जातो. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या मनुष्यास पहाटे अकस्मात् पोटदुखी होऊन पापण्या मिटूं लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, सर्पदंशाची शंका घ्यावी.

घोणस व फुरसें यांचें विष रक्तावर परिणाम करितें. रक्त गोठविणारीं द्रव्यें त्यानें संपून जातात. मग हिरड्यांतून, लघवींतून किंवा जुन्या जखमेंतून रक्त वाहूं लागतें. घोणशीच्या विषानें मूत्रपिंडेंही निकामी होऊं शकतात. हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा रुग्णालयांत करितात : स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन तें वीस मिनिटें न हलवितां ठेवितात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिलें, तर विष रक्तांत कार्य करीत आहे असें समजतें.

३. उपाय कोणता? विषावर खरा उपाय एकच, तो म्हणजे प्रतिविष. आपले लोक त्यास "सापाची लस" म्हणतात. परंतु लस व प्रतिविष यांत भेद आहे. लस दिल्यावर शरीर हळूहळू स्वतः प्रतिपिंडें बनवितें. प्रतिविषांत तीं तयारच दिलेलीं असतात. घोड्यास विषाची अगदीं अल्प मात्रा थोडथोडी वाढवीत देतात. त्याच्या रक्तांत प्रतिपिंडें तयार झालीं कीं तीं वेगळीं काढून शुद्ध करितात. १८९४ च्या सुमारास फ्रान्स देशांतील शास्त्रज्ञ आल्बर्ट काल्मेत यांनीं या मार्गाचा पाया घातला. क्षयावरील बी.सी.जी. लशीच्या नांवांत "सी" हें अक्षर याच काल्मेत यांचें आहे. आपल्याकडे मुंबईंत परळ येथें १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनाकरितां जी प्रयोगशाळा निघाली, तिला १९२५ सालीं हाफकिन संस्था हें नांव मिळालें. प्रतिविषाच्या कार्यांत ती प्रसिद्ध आहे. भारतांत मिळणारें प्रतिविष वरील चारही सर्पांवर चालतें. म्हणून सर्प मारून दवाखान्यांत नेण्याचें कारण नाहीं. त्या खटपटींत दुसऱ्यासही दंश होतो.

रक्तांत फिरणारें विष प्रतिविष निष्फळ करितें. परंतु मण्याराच्या विषानें मज्जातंतूंच्या टोकांची जी हानि एकदां झाली, ती तें तत्काळ भरून काढीत नाहीं. म्हणूनच वेळेचें महत्त्व इतकें मोठें आहे.

४. मंत्रानें लोक बरे होतात, तें कसें? हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारितात, व तो रास्त आहे. धामण, दिवड, कवड्या असे बहुतेक सर्प बिनविषारी आहेत. शिवाय विषारी सर्पही कित्येकदां चावतांना विष सोडीत नाहीं. अशा मनुष्यांस कांहींच केलें नसतें तरी ते बरे झाले असते; श्रेय मात्र मंत्रास मिळतें. ज्याच्या अंगांत खरोखर विष गेलें, त्याची वेळ अंगाऱ्यांत जाते. तथापि भगत हा आपल्याच गांवचा मनुष्य. त्याचा उपहास करून लाभ नाहीं. "बाबा, तुम्ही हात लावण्यापूर्वीं रोग्यास गाडींत बसवा," असें त्यास मानानें विनवावें. त्याच्या एका शब्दानें जें होईल, तें आमच्या दहा व्याख्यानांनीं होणार नाहीं.

५. काय करावें? रोग्यास धीर द्यावा व चालूं देऊं नये. दंश झालेल्या हातापायास फळी किंवा काठी सैल बांधून तो हलूं देऊं नये. अंगठी, बांगड्या, जोडवीं, पैंजण काढावे; सूज आल्यावर ते रुततात. दोरीनें आवळून बांधूं नये, जखम कापूं नये, चोखूं नये. दंशाची वेळ लक्षांत ठेवावी. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब असेल तर मिळेल त्या वाहनानें निघावें. दुचाकीवर न्यावें लागल्यास रोग्यास दोघांच्या मध्यें बसवावें. शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय यांचा रस्ता घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा.

दंश टाळण्याकरितां खाटेवर निजावें, नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचून निजावें. रात्रीं बाहेर पडतांना बॅटरी घ्यावी. पेंढा व सरपण घराच्या भिंतीस लावून रचूं नये, व आवणीच्या दिवसांत बांधावरून सांभाळून चालावें.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें बारा लाख माणसें सर्पदंशानें मेलीं. त्यांत बहुतेक खेड्यांतील, व जवळजवळ निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या महिन्यांतील. २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याची योजना भारत सरकारनें मार्च २०२४ मध्यें जाहीर केली. ती योजना आपल्या पाड्यांत कोणी पोहोंचवावयाची? विज्ञानाचें पुस्तक ज्याच्या हातीं आहे, त्या तरुणानें. त्यानें आजच आपल्या आईस व आजीस मण्याराच्या खुणा सांगाव्या.

अभ्यासाकरितां प्रश्न :
(१) लस व प्रतिविष यांत भेद कोणता?
(२) नाग व घोणस यांच्या विषांचे परिणाम निरनिराळे कसे?
(३) मण्याराचा दंश ओळखणें कठीण कां?
(४) मंत्रानें बरे झालेले लोक खरोखर कशामुळें बरे झाले?
(५) आपल्या घरापासून प्रतिविष मिळण्याचें सर्वांत जवळचें ठिकाण कोणतें, व रात्रीं तेथें कसें जाल? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं. तें आज घरीं सर्वांनीं मिळून ठरवावें.