मुलींच्या संघाला प्रशिक्षिका हवी आहे

बारावीचा निकाल आणि नीटची गुणपत्रिका हाती पडल्यापासून पहिल्या पावसापर्यंत माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या पृच्छांचा मजकूर इतका एकसारखा असतो की, नावगाव झाकून ठेवल्यास एक पत्र दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे मलाही कठीण जावे. मुलीला इतके गुण पडले, आणखी एक वर्ष ड्रॉप घ्यावा काय. लातूरला ठेवावी की अकोल्याला. आणि तेही न साधल्यास नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस यांपैकी कशात स्कोप अधिक? यांची उत्तरे थोडक्यात उरकतो. दुसऱ्या प्रयत्नात गुणांची लक्षणीय वाढ झाली नसेल तर तिसरा करू नये. नर्सिंग ही उत्तम वृत्ती आहे, परंतु डॉक्टरकी हुकल्याचे सांत्वन म्हणून ती कोणी पत्करू नये. राहिली फार्मसी, शेजारच्या मुलाने घेतली एवढ्याच कारणास्तव ती घ्यावयाची असल्यास घेऊ नये.

यंदा मात्र पातूरचा घाट चढून वाशिमकडे जाताना लागणाऱ्या मेडशी गावातून एक निराळी पृच्छा आली. मुलगी महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळते, विद्यापीठाची कलर होल्डर आहे, आणि पुढे मुलींच्या संघाची प्रशिक्षिका होण्याचे म्हणते. तेव्हा हे खूळ तिच्या डोक्यातून कसे काढावे, असा वडिलांचा प्रश्न आहे. एका मुलीने आपल्या देहाची, बुद्धीची आणि स्वभावाची पारख करून, वयाच्या विसाव्या वर्षी, आपणांस काय करावयाचे आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि घरच्यांनी त्याला खूळ म्हणावे, याचा मला विषाद वाटतो; आणि खूळ काढण्याचा धंदा मी करीत नाही.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो, कारण ती मुलीलाही कोणी सांगितलेली दिसत नाही. महाविद्यालयीन महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक हा अमेरिकेत स्वतंत्र आणि पूर्ण वेळेचा हुद्दा आहे. पॅट समिट या बाईंनी 1974 साली, वयाच्या 22व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची सूत्रे घेतली तेव्हा त्यांना महिना 250 डॉलर मिळत, संघाची गाडी त्या स्वतः हाकीत आणि खेळाडूंचे कपडेही स्वतः धूत. 2012 साली निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर 1098 विजय आणि 8 राष्ट्रीय अजिंक्यपदे जमा झाली होती. आपल्याकडे असा हुद्दा महाविद्यालयाच्या आस्थापनेवर मंजूरच नसतो. येथे असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे पद. ते एका महाविद्यालयात एकच, आणि त्यावरील व्यक्तीने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ सांभाळावे अशी अपेक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे त्यासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी, नेट वा सेट, आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरील स्पर्धांत खेळल्याचा दाखला, आणि शारीरिक क्षमतेची चाचणी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या स्त्री-उमेदवाराने 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर कापले पाहिजे. (हीच अट इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही लावावी असे मला अधूनमधून वाटते.) प्रारंभीचे मूळ वेतन 57,700 रुपये, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकेच, परंतु भरतीस मंजुरी मिळेपर्यंत पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, आणि तोवर तासिका तत्त्वावर किंवा खाजगी शाळेत दिवस काढावे लागतात. हे कटू सत्य लपवून जो मार्गदर्शक 'क्रीडाक्षेत्रात अमाप संधी' असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे.

याहूनही दूर राहावे ते दोन मोहांपासून. पहिला मोह, उपस्थितीवाचून पदरात पडणाऱ्या बीपीएडचा. मैदानावर पाऊल न टाकता मिळवलेली ही पदवी पहिल्याच सरावात उघडी पडते. दुसरा मोह पालकांचा अधिक असतो: मुलीने खेळावे ते शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणापुरते आणि बारावीच्या वाढीव गुणांपुरते. या लोभापायी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आली आहेत. प्रमाणपत्र आणून देणारा दलाल दारी आल्यास त्यास उंबऱ्याबाहेर काढावे. मुलीच्या खऱ्या घामाची किंमत तो शून्य करतो.

इतके अडथळे सांगून झाल्यावरही मी मेडशीच्या मुलीच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण भावनिक नाही. बास्केटबॉल 1891 साली जन्माला आला आणि वर्षभरातच सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयातील मुलींना तो शिकवला. 1896 साली स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील मुलींमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. अर्थात हा खेळ पुरुषांचा, मुलींनी तो उसना घेतलेला, ही समजूत निराधार आहे. परंतु खेळ मुलींचा असला तरी शिकवणारे हात त्यांचेच राहतील असे नाही. अमेरिकेत 1972 पूर्वी महिला संघांच्या दहापैकी नऊहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. त्या वर्षीच्या समान संधीच्या कायद्यानंतर या पदांना पैसा आणि प्रतिष्ठा आली, आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याखाली घसरले. आपल्याकडे तर आरंभापासूनच मैदानावरील शिट्टी बहुधा पुरुषाच्या ओठी. भारतीय महिला संघाने 2017 साली बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाचे अजिंक्यपद पटकावले, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. अशी खेळाडू आपल्याकडे घडते, तिला घडवणारी स्त्री मात्र क्वचितच दिसते.

आणि हे काम केवळ शिट्टी फुंकण्याचे नाही. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे गेलाच पाहिजे. समोरचा संघ झोन लावून बसला असता तो कोणत्या बाजूने फोडावा, चार फाऊल झालेली मुलगी केव्हा बाहेर घ्यावी आणि केव्हा परत उतरवावी, टाइमआऊट आत्ता घ्यावा की शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखावा, हे सारे निर्णय उभ्या उभ्या घ्यावयाचे. उडी मारून उतरताना मुलींच्या गुडघ्यातील एसीएल अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, म्हणून रिबाउंड शिकवण्यापूर्वी उतरणे शिकवावे लागते. रक्तक्षय, पाळी, आहार यांविषयी खेड्यातील मुलगी पुरुष शिक्षकापाशी तोंड उघडत नाही. ती सराव चुकवते, आणि पुढे खेळच सोडते. मुक्कामी स्पर्धेस मुलीला पाठवावयाचे म्हटले की घरचा पहिला प्रश्न 'सोबत बाई कोण आहे' हाच असतो, आणि त्याला उत्तर नसल्यामुळे संघ रद्द झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ज्या पालकांना हा प्रश्न सुचतो, त्यांनाच आपल्या मुलीने त्याचे उत्तर व्हावे हे खूळ वाटावे, यास काय म्हणावे!

मार्ग दूरचा नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक करून दाखविले होते. तेथे बीपीएड आणि एमपीएड करता येते. त्यानंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची प्रशिक्षण पदविका, आणि तिच्या जोडीला नेट. पदविकेमुळे महाविद्यालयाबाहेरील प्रशिक्षकपदांचे, क्रीडा विभागाचे आणि क्रीडा प्रबोधिन्यांचेही दार खुले होते, म्हणून केवळ संचालकपदाच्या आशेवर बसून राहण्याचे कारण उरत नाही. दरम्यान गावच्या शाळेतील मुलींना संध्याकाळी शिकवण्यास आजच आरंभ करावा. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद सपाट जागा आणि 3.05 मीटर उंचीवर बसवलेली एक कडी एवढ्यावर काम भागते, आणि आपणांस शिकवता येते की नुसतेच खेळता येते हे पदवीपूर्वीच कळून चुकते.

पदवीनंतर पाच-सहा वर्षे धीर धरण्याची ऐपत आणि तयारी ज्या घरात नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये. तेथे मुलीला दोष नाही आणि घरालाही नाही. ज्यांची तयारी आहे त्यांना विनंती इतकीच की, प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेचे मैदान स्वतः पाहून यावे, कडीला जाळी आहे काय हे पाहावे, आणि गतवर्षी मुलींचा संघ स्पर्धेला कोणाबरोबर गेला होता हे दप्तरात विचारावे.