समोर वाढलेलं ताट

आजचे वाचन: लूक 10:1-9 आणि 17-20



मिशन ट्रिपचा विषय निघाला की युथ ग्रुपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय काय न्यायचं?" आजच्या शास्त्रभागात प्रभू येशू सत्तर जणांना दोघे-दोघे करून पाठवतो, आणि काय न्यायचं नाही हे सांगतो. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. बरीच वर्षं मी याचा अर्थ 'विश्वासाने निघा, प्रभू पुरवेल' एवढाच घेत होतो. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळात मला त्याचा आणखी एक अर्थ कळला. पण त्याआधी मी एका आईचं मन दुखावलं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 25 एप्रिल 2015 ला दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास 9,000 माणसं गेली. तो शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे शाळा रिकाम्या होत्या आणि असंख्य मुलं वाचली. पण याच सुट्टीमुळे तिथल्या मंडळ्या शनिवारीच उपासनेला जमतात. काही ठिकाणी उपासना चालू असतानाच इमारती कोसळल्या.

दिवाळीला जोडून रजा काढून आम्ही पुण्यातले आठ जण, बहुतेक आयटीवाले, दिल्लीमार्गे काठमांडूला आणि तिथून सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. भूकंपात सर्वांत जास्त बळी याच जिल्ह्यात गेले होते. तात्पुरत्या निवाऱ्यांसाठी दगडमाती उपसायची आणि जस्ताचे पत्रे डोंगरावर चढवायचे, हे आमचं काम. मी टीम लीड. माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं: पत्रे किती, ब्लँकेट किती, 'लाभार्थी' कोण. जेवणाचाही कॉलम होता: रेडी-टू-ईट पाकिटं, चिवडा, शंकरपाळ्या. कोणावर आपला भार पडू नये, हे आमचं तत्त्व होतं. हेतू चांगलाच होता.

पहिल्याच दिवशी आमच्या हातांना फोड आले. गावातल्या बायका पाठीवर डोको घेऊन, म्हणजे कपाळाला पट्टा लावून उचलायची टोपली घेऊन, आमच्या दुप्पट ओझं वाहत होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या.

त्यात त्या वर्षी आणखी एक संकट होतं. सप्टेंबरच्या शेवटापासून भारताच्या सीमेवरून नेपाळात जाणारा माल अडला होता. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधांची टंचाई. नेपाळी लोक म्हणत ही भारताची नाकेबंदी. आपलं सरकार ते नाकारत होतं. सीमेलगतच्या मधेशी आंदोलनामुळे ट्रक थांबलेत, असं सांगत होतं. गावात मात्र गॅस संपलेला होता आणि आम्ही भारतीय होतो.

दुसऱ्या संध्याकाळी एका आमांनी (नेपाळीत आईला आमा म्हणतात) आम्हाला जेवायला बोलावलं. एप्रिलमधल्या त्या शनिवारी त्यांचा थोरला मुलगा उपासनेला गेला होता, तो परत आला नाही. पत्र्याच्या खोपटात चूल पेटलेली होती. माझं लक्ष लाकडाकडे गेलं. त्यावर निळा रंग होता. पडलेल्या घराच्या दाराची चौकट त्या आमच्या भातासाठी जाळत होत्या!

मला ते सहन झालं नाही. मी हिंदीत म्हणालो, "आमा, नको. आमचं जेवण आमच्याकडे आहे." आणि बॅगेतून पाकीट काढून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

तिथले पाळक मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "भाई, तुम्ही पत्रे दिलेत, आम्ही घेतले. आता ती देतेय तर तुम्ही घेत नाही. मग ती तुमची बहीण कशी? फक्त लाभार्थी?"

माझ्या शीटमधलाच शब्द. त्यांनी ती पाहिलीही नव्हती.

मी आत गेलो, क्षमा मागितली आणि खाली बसलो. आमांनी झाकण काढलं. "खानुस्," एवढंच म्हणाल्या. डाळ, भात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी. शेजारच्या बाईंनी कोण आलंय असं विचारलं, तेव्हा आमांनी दिलेल्या उत्तरातला एक शब्द मला कळला: पाहुना. आपला पाहुणाच!

जेवताना त्या मुलाबद्दल बोलू लागल्या. पाळक हिंदीत सांगत गेले. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. चूल विझेपर्यंत आम्ही ऐकत बसलो.

आता वचनातला क्रम पाहा. आधी घराला शांती म्हणा. मग त्याच घरात राहा, जे देतील ते खा-प्या. त्यानंतर रोग्यांना बरं करा आणि देवाचं राज्य जवळ आल्याचं सांगा. म्हणजे सेवा आणि सुवार्ता दोन्ही त्या ताटानंतर येतात. आपल्या भाषेत बोलायचं तर ती डिपेन्डन्सी आहे, आणि मी ती स्टेप स्किप करत होतो. ज्याची झोळी भरलेली आहे त्याला कोणाच्या दारात बसावं लागत नाही. प्रभूने स्वतःही शोमरोनी स्त्रीला जीवनी पाणी देण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं (योहान 4).

परत आल्यावर रविवारी मंडळीत आम्ही स्लाइड्स दाखवल्या. इतके पत्रे, इतकी ब्लँकेट. टाळ्या पडल्या. ते सत्तर जणही असेच आनंदाने परतले होते, आणि प्रभूने त्यांचा आनंद कामगिरीवरून काढून स्वर्गात लिहिलेल्या नावांकडे वळवला. आमा त्या स्लाइड्समध्ये कुठेच नव्हत्या.

आठ विमान तिकिटांच्या पैशांत किती पत्रे आले असते, हा प्रश्न मला अजूनही पडतो. तुम्ही ट्रिपला जाणार असाल तर तोही प्रामाणिकपणे विचारा. पण गेलात तर पाहुणे होऊन जा.

आज विचार करा: मी ज्यांची 'सेवा' करतो, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी मी जेवलो आहे? कोणाचं देणं मी नम्रतेच्या नावाखाली नाकारलं?

प्रार्थना: प्रभू, आम्हाला द्यायला आवडतं, कारण देताना आमचा हात वर असतो. घ्यायलाही शिकव. आमांच्या घराला नवं दार लाभू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.