गाडीच्या वाटेवरचं गाव : आठ अनुभवाचे बोल

वर्तमानपत्रात देश, क्रीडा आणि भटकंती यांची पानं वेगवेगळी असतात. दोंडाईच्यात राहणाऱ्याला ती वेगळी ठेवता येत नाहीत. उधना–जळगाव रेल्वेमार्गावरचं, मिरची आणि मक्याच्या बाजाराचं हे आमचं गाव. गल्लीगल्लीतलं कुणी सुरतला कामाला आहे, कुणी पुण्यात शिकतंय, कुणी फौजेत आहे. म्हणून बाहेर काहीही घडलं की ओट्यावर पहिला प्रश्न निघतो, "तठे आपलं कोन शे?", म्हणजे तिथं आपलं कोण आहे? खेळ, प्रवास आणि बातम्या यांच्याकडे मी याच प्रश्नातून बघत आलो. त्यातून जे पटत गेलं, ते आमच्या पोरापोरींसाठी लिहितो आहे.

१. मत बनवण्याआधी फोन लावावा.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतला प्लेगची साथ आली आणि लाखो माणसांनी शहर सोडलं. खान्देशाकडे येणाऱ्या गाड्या माणसांनी भरून वाहत होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तेच शहर बुडालं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, यंत्रमाग थांबले, गाड्याही थांबल्या, आणि माणसं नवापूरच्या वाटेनं पायी निघाली. तिन्ही वेळा बातमीत नाव होतं सुरतचं. पण उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशातली हजारो कुटुंबं राहतात, त्यामुळे झोप इथली उडाली होती. प्लेगच्या वेळी मृतांचे आकडे तोंडोतोंडी फुगत गेले; अधिकृत नोंदीत ते साठाच्या आत राहिले. तेव्हा खरं काय ते कळायला एसटीडी बूथपुढे रांग लावावी लागे. आता फोन खिशात आहे. तरीही माणसाला विचारण्याआधी आलेला मेसेज पुढे पाठवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. तिथं राहणाऱ्या एकाशी दोन मिनिटं बोललं, तर निम्मी भीती आणि निम्मा राग जागेवरच निवतो.

२. आतल्या पानावरची चार ओळींची बातमी आधी वाचावी.

पावसाळ्यात 'हतनूरचे दरवाजे उघडले' एवढीच बातमी येते. भुसावळ तालुक्यातल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. तिथून सुटलेलं पाणी तापीतून सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज ओलांडत उकाईकडे जातं. ही ओळ वाचून नदीकाठचा शेतकरी पाण्यातली मोटार वर काढतो, गुरं हलवतो. त्याच दिवशी पहिल्या पानावर एखाद्या पुढाऱ्याचं भाषण असतं. ते दुसऱ्या दिवशी वाचलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आपल्या जगण्याला लागून असलेली बातमी कोणत्या कोपऱ्यात छापतात, ते घरातल्या लहानांनाही माहीत असावं.

३. गावाकडे येणाऱ्या गर्दीतून एकदा तरी प्रवास करावा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरातले सगळे भाऊ एकत्र आल्याशिवाय तिच्या नैवेद्याचे रोट होत नाहीत. म्हणून सुरतहून येणारी गाडी त्या आठवड्यात दारापर्यंत भरलेली असते. त्या डब्यात उभं राहून आलं की कळतं, कुठला कारखाना बंद पडला, साडीवरच्या टिकल्या लावायचा दर किती झाला, कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. कामगारांची खरी स्थिती मला या प्रवासात जितकी समजली, तितकी कुठल्याही अग्रलेखातून समजली नाही. आरक्षणाच्या डब्याची सोय असली तरी येताना एक फेरी या गर्दीसोबत करावी, आणि कानात काही न घालता करावी.

४. एका दिवसाचा आनंद आणि दुःख, दोन्हींना जागा द्यावी.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते उधना–जळगाव मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण राष्ट्रार्पण झालं, खान्देश एक्स्प्रेसला हिरवा झेंडा मिळाला. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट बघत थांबण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना हा दिवस किती मोठा होता ते सांगायला नको. पण दोनच दिवस आधी पुलवामाला हल्ला झाला होता. त्यात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड. मलकापूर तर भुसावळच्या पुढे, आमच्या रोजच्या बोलण्यातलं गाव. त्या दिवशी गावात पेढे वाटावेत की वाटू नयेत, यावर वाद झाला. मला वाटतं, नव्या मार्गाचा आनंद मानणारा शोकाला कमी लेखत नव्हता आणि शोक करणारा विकासाच्या विरोधात नव्हता. एका भावनेसाठी दुसरीला गप्प बसवण्याची घाई करू नये.

५. लांबच्या सहलीआधी जवळची यात्रा नीट बघावी.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातले घोडेमालक तिथं तळ ठोकून असतात. बहुतेक जण फोटो काढतात, शेवभाजी खातात आणि परततात. थोडं थांबून विचारलं तर मालक मनापासून सांगतो: दात बघून वय कसं ओळखायचं, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याण घोड्याला मान का, चाल दाखवताना लगाम किती सैल सोडायचा. आपल्या उंबरठ्यापाशी देश येऊन उतरतो, तेव्हा त्याच्याशी बोलायला वेळ काढावा.

६. दंगलीला लवकर जाऊन बसावं.

गावोगावच्या यात्रांत कुस्तीची दंगल सुरू होते ती रेवड्यांवरच्या पोरांच्या जोडीपासून. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी असते आणि गर्दी तेव्हाच जमते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा किताब जिंकला, पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. खान्देशानं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या उंचीचा पैलवान तयार होण्याआधी कुणाला तरी दुपारच्या उन्हात बसून लहानांच्या जोडीला टाळ्या वाजवाव्या लागतात. लंगोट सावरत मातीत उतरलेल्या पोराला गावातली चार मोठी माणसं आपल्याकडे बघताहेत एवढं दिसलं, तरी तो दुसऱ्या दिवशी पहाटे उठून जोर मारतो.

७. मैदान राखावं, ते गेलं की खेळ जातो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळाला दोन खांब आणि सपाट जमीन पुरते, तो खेळ इथल्या प्रत्येक शाळेतल्या मुलीला येतो. तिला कमी पडते ती जमीन. सुट्टीत मैदानावर मंडप येतो, मग प्रदर्शन, मग वाहनं उभी राहतात. खिळे, खडी आणि काचा तिथंच राहतात, आणि मुलींना अनवाणी सूर मारता येत नाही. ज्या दिवशी विजेत्यांचे फलक लावतो, त्याच दिवशी हातात टोपली घेऊन मैदानातले खडे वेचावेत. आपण पालकांनी वर्षातून दोनदा एवढं केलं, तर अभिनंदनाच्या शब्दांना अर्थ येईल.

८. वाहिन्यांच्या गाड्या परत गेल्यावर आपलं काम सुरू होतं.

विखरण हे आमच्या शेजारचं गाव. तिथले ऐंशी ओलांडलेले शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला चार लाखांच्या आसपास मिळाला. इतरांना कितीतरी जास्त मिळाला आणि आपल्यावर अन्याय झाला, ही त्यांची तक्रार होती. अर्ज करत, कचेऱ्या गाठत ते मंत्रालयापर्यंत पोहोचले. २२ जानेवारी २०१८ रोजी तिथंच त्यांनी विष घेतलं आणि २८ जानेवारीला मुंबईत जेजे रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राला विखरण माहीत झालं. मला आजही छळतो तो त्याआधीचा काळ, ज्यात एक म्हातारा माणूस कागदांची पिशवी घेऊन एकट्यानं फिरत होता आणि त्याची बातमी होत नव्हती.

आता इंदूर–मनमाड हा ३०९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होणार आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं १८,०३६ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. तो आमच्याच तालुक्यातल्या नरडाण्यावरून जाणार. मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण रेल्वेनं या भागाला काय दिलं ते मी बघितलं आहे. पण रूळ कुणाच्या तरी शेतातून जातील. जी पोरं शिकली आहेत, त्यांनी शेजारच्या आबांची नोटीस वाचून समजावून द्यावी. मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहावं. कोणत्या गटाला कोणता दर लागला याची नोंद तारखेसह वहीत ठेवावी, आणि हरकतीची मुदत संपण्याआधी त्यांच्यासोबत प्रांत कार्यालयात जावं. त्या गाडीत बसण्याचा हक्क आपण सगळेच सांगणार आहोत, तेव्हा हे कामही आपल्या सगळ्यांचंच आहे.