लाकडी होडी आणि भरतीचे गणित

प्रश्न : पनवेलच्या खाडीत जुन्या लाकडी, इंजिनाच्या होडीतून कुटुंबासह गळाने मासे धरायला जायचे आहे. वेळ कशी ठरवावी?

उत्तर : ही खाडी उथळ व गाळाची असल्यामुळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची ठरते, ओहोटीत होडी रुतली, तर पुढच्या भरतीपर्यंत मुलाबाळांसह चिखलात अडकून पडावे लागते. मुंबई परिसरातील जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीस ३ व अष्टमीस ६. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीत, पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती, नवख्यांना अधिक सोयीचा. जिताडा गळाला लागतो तो बहुधा वाहत्या पाण्यात, तरीही परतीचा प्रवास ओहोटी लागण्यापूर्वीच सुरू व्हावा.

१ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांच्या मासेमारीबंदीचा काळ, तेव्हा होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. किनाऱ्यावर बराच काळ राहिलेल्या होडीच्या फळ्या वाळून आक्रसतात व सांधे उघडतात. म्हणून सांध्यांत कापसाची वात ठोकून, वरून तेल देऊन, होडी एक-दोन दिवस रिकामीच पाण्यात ठेवावी, म्हणजे लाकूड फुगून फटी मिटतात. तळाशी पाणी साचणे थांबल्याखेरीज, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज, कुटुंबास होडीत बसवू नये.