उत्तर न देणारा साहाय्यक : ‘लाइफ कोच’

‘कोचिंग’ हा शब्द आपल्या घराघरांत आता पुरता रुळला आहे. दहावीचा मुलगा कोचिंगला जातो, म्हणजे सरांनी फळ्यावर लिहिलेले उतरवून घेतो आणि परीक्षेत तेच लिहून येतो, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे ‘लाइफ कोच’ अशी पाटी वाचली की येथे जगावे कसे याचेही वर्ग भरत असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा व्यवसाय ज्या तत्त्वावर उभा आहे ते याच्या नेमके उलट आहे. क्लासात उत्तर शिक्षकापाशी असते व ते विद्यार्थ्यास द्यावयाचे असते. लाइफ कोचिंगमध्ये उत्तर कोचपाशी नाही, असे गृहीत धरूनच कामास आरंभ होतो. हे ऐकावयास चमत्कारिक वाटते खरे. यास्तव त्याचा थोडा ऊहापोह येथे करीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. हंगेरी देशात कोच नावाचे एक लहानसे गाव आहे. पंधराव्या शतकात तेथे प्रवासास सोयीची अशी घोड्यांची गाडी तयार होऊ लागली आणि गावाचेच नाव त्या गाडीस पडले. इंग्रजीतला ‘कोच’ तेथून आला. रेल्वेच्या डब्याला आपण आजही कोच म्हणतो. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीराला ‘वाहून नेणाऱ्या’ खाजगी शिक्षकास थट्टेने हे नाव दिले, आणि मग ते खेळाच्या मैदानावर गेले. मराठीत त्यास कोणी ‘जीवन-मार्गदर्शक’ म्हणतात, परंतु तो शब्द मला फसवा वाटतो, कारण मार्ग दाखविणे हे कोचचे काम नव्हे. मूळचा गाडीचा अर्थच बरा. कोठे जावयाचे हे गाडीवान ठरवीत नाही, आत बसणारा ठरवितो.

या विद्येचा उगम शोधू गेल्यास त्याचा एक मोठा झरा टेनिसच्या मैदानावर सापडतो. टिमोथी गॉल्वे हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या टेनिस संघाचे एकेकाळचे कर्णधार. १९७० नंतर कॅलिफोर्नियात टेनिस शिकवीत असता त्यांच्या ध्यानात आले की मनगट असे धरा, गुडघा वाकवा, रॅकेट मागे न्या अशा सूचना जितक्या वाढवाव्या, तितका खेळाडू अधिकच ताठरतो. त्यांनी असे अनुमान बांधले की खेळणाऱ्याच्या आत जणू दोन जण असतात. एक सारखा हुकूम सोडतो व चुकले की रागावतो. दुसरा प्रत्यक्ष चेंडू मारतो. पहिल्याच्या कटकटीने दुसऱ्याला काम सुचत नाही. तेव्हा गॉल्वे यांनी सूचना देणेच कमी केले. चेंडू जमिनीवर आपटला की ‘टप्पा’ म्हणा आणि रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणा, अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारावयास सांगून ते स्वस्थ उभे राहत. हुकूम सोडणारा त्या दोन शब्दांत गुंतून पडे आणि खेळाडूचा हात आपोआप सुधारे. १९७४ साली ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात त्यांनी हे सारे मांडले.

हा विचार इंग्लंडमध्ये रुजविणाऱ्यांत सर जॉन व्हिटमोर हे प्रमुख होत. ते मूळचे मोटारींच्या शर्यतीतले. १९६५ साली युरोपियन टूरिंग कार स्पर्धा त्यांनी जिंकली होती. त्यांनी आपल्या पुस्तकात एक हकीकत दिली आहे. टेनिसच्या वर्गांस एकदा शिकविणारी माणसे कमी पडली. तेव्हा बर्फावरील स्कीइंग शिकविणाऱ्या दोघांना टेनिसचा पोशाख चढवून, काखेत रॅकेट देऊन मैदानावर पाठविण्यात आले. अट एकच, रॅकेट वापरावयाची नाही! टेनिसची त्यांची ओळख जेमतेम. तरीही त्यांचे काम इतरांच्या तोडीस तोड उतरले, आणि एकदोन वेळा तर सरसही ठरले. असे का व्हावे? टेनिस जाणणाऱ्याच्या डोळ्यांस चूक चटकन दिसते व तो उपाय सांगून मोकळा होतो. स्कीइंगवाल्यास ती चूक दिसतच नव्हती. त्यास विचारावेच लागले, ‘चेंडू येतो तेव्हा तुमचे लक्ष कोठे असते?’ खेळाडू ते पाहू लागला आणि त्याची चूक त्यालाच दिसली.

मैदान सोडून हीच रीत संसारात आणली की लाइफ कोचिंग झाले. व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकामुळे तिच्या चार पायऱ्या प्रसिद्धीस आल्या : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय. नुसती नावे वाचून काही बोध होणार नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत; कचेरीत कारकून. ऐन विशीत वडील वारल्यामुळे त्यांची बी.ए. अर्धवट राहिली. पदवी पुरी करावी असे वीस वर्षे मनात आहे. नातलगांत निम्मे म्हणतात, ‘आता या वयात कशाला?’ निम्मे म्हणतात, ‘मनावर घेतले तर काय होत नाही!’ दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. ते कोचकडे जातात. कोच विचारतो, “पदवी कशासाठी हवी?” गृहस्थ म्हणतात, “बढतीसाठी.” “समजा, पदवीवाचूनच बढती मिळाली. मग विषय संपला?” गृहस्थ गप्प राहतात. काही वेळाने सांगतात की मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘पालकाचे शिक्षण’ या रकान्यापाशी हात अडखळतो, तो अडखळू नये एवढेच हवे आहे. म्हणजे ध्येय निराळेच निघाले. बढतीची घाई गेली. तीनऐवजी सहा वर्षे लागली तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी वस्तुस्थितीची. “वेळच मिळत नाही,” असे ते म्हणतात. कोच त्यावर वाद घालीत नाही; “गेल्या मंगळवारी सायंकाळी सहापासून झोपेपर्यंत काय काय केलेत?” असे विचारतो. सांगता सांगता दीड तास मोबाइलवर गेलेला सापडतो. पण खरी अडचण तीही नव्हे. दोन खोल्यांच्या घरात पुस्तक उघडून बसले तर मुलगी बघेल, याचा संकोच आहे. तिसऱ्या पायरीवर एक नव्हे, पाचसहा पर्याय काढावयास लावतात : वाचनालय, पहाटेचा तास, मुक्त विद्यापीठ, मुलीला मोकळेपणी सांगून टाकणे. अमुक करा असे कोच म्हणत नाही. शेवटी विचारतो, “या आठवड्यात काय कराल? कोणत्या दिवशी? मला कसे कळवाल?” गृहस्थ म्हणतात, शनिवारी चार वाजता अभ्यासकेंद्रात जाऊन अर्ज आणीन.

पुढच्या भेटीत पहिला प्रश्न : “गेलात का?” गेलेले नसतात. येथे आपण सारे चुकतो. आपण रागावतो, किंवा ‘असू द्या’ म्हणतो. कोच दोन्ही करीत नाही. “काय आडवे आले?” एवढेच विचारतो आणि नवा वार ठरतो. माझ्या मते या सर्व व्यवसायातली अर्धी किमया या एका प्रश्नात आहे. सल्ला देणारे पुष्कळ असतात, आठवड्याने आठवणीने विचारणारा दुर्मीळ.

किंचित विषयांतर करतो. आमच्या तीर्थरूपांकडे मुहूर्त विचारावयास मंडळी येतात. त्यांतील कित्येकांनी कार्यालय आधीच ठरविलेले असते, आगाऊ रक्कमही भरलेली असते! पण ती गोष्ट त्यांच्या तोंडून सर्वांत शेवटी निघते. माणसाचा निर्णय पुष्कळदा आत होऊन बसलेला असतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

श्रीकृष्ण हे पहिले लाइफ कोच, असे हल्ली व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. हे विधान मला मान्य नाही. अर्जुनास भगवंतांनी उपदेश केला. तत्त्व सांगितले व आज्ञाही केली. तो गुरूचा अधिकार. कोचपाशी तसला अधिकार नाही आणि त्याने तो मिरवूही नये.

व्यवसाय म्हणून याची घडी अमेरिकेत बसली. टॉमस लिओनार्ड नावाचे एक गृहस्थ लोकांस पैशाच्या नियोजनाविषयी सल्ला देत. चांगल्या मिळकतीची माणसे पैशाहून आयुष्याविषयीच अधिक विचारतात असे पाहून त्यांनी १९९२ साली कोच तयार करणारी शाळा काढली आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय कोच महासंघाची स्थापना केली.

आता याने खरोखर लाभ होतो काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एरिक बेटिंगर व रेचेल बेकर यांनी आठ उच्च शिक्षणसंस्थांतील १३,५५५ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून तो २०१४ साली प्रसिद्ध केला. यांतील बरेचसे विद्यार्थी वयाने मोठे होते. कोच कोणास मिळावा हे सोडतीने ठरले होते, त्यामुळे हुशार तेवढेच निवडले असा आक्षेप येथे लागू पडत नाही. कोच त्यांस नियमाने फोन करीत आणि नोकरी, मुलेबाळे व पैसा यांच्या ओढाताणीतून अभ्यासास जागा कशी काढता येईल याचा त्यांच्याशी विचार करीत. वर्षअखेरीस कोच मिळालेल्यांपैकी, इतरांच्या मानाने, शंभरी सुमारे पाच जण अधिक शिक्षणात टिकून राहिले. कोचिंग थांबल्यावर पुढे वर्षभरही हा फरक दिसत राहिला. पाच हा आकडा जाहिरातवाल्यास लहान वाटेल. परंतु ज्या पाच घरांतले शिक्षण सुटले नाही त्या घरांना तो लहान वाटणार नाही.

याच्या मर्यादा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण फसगत होते ती येथेच. डॉक्टरीस किंवा वकिलीस जशी सनद लागते तशी लाइफ कोचला आपल्या देशात लागत नाही. अमेरिकेतही लागत नाही. आज कोणीही उठून पाटी लावू शकतो. वर उल्लेखिलेल्या महासंघाची प्रमाणपत्रे आहेत. त्यांतील पहिल्यासाठी किमान ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव, तर सर्वांत वरच्यासाठी २०० तासांचे शिक्षण व २,५०० तासांचा अनुभव लागतो. परंतु ती ऐच्छिक आहेत.

दुसरी मर्यादा आजाराची. कोचिंग हे धडधाकट पण अडलेल्या माणसासाठी आहे. ज्याची झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्यास ‘तुमचे ध्येय काय?’ असे विचारीत बसणे हा अपराध होय. तेथे मनोविकारतज्ज्ञच हवा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी-सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. चांगला कोच अशा माणसास स्वतःच तिकडे पाठवितो.

तिसरी मर्यादा फारशी कोणी बोलत नाही. काही दुःखे मनातली नसतातच. पगार चार महिने थकला आहे, किंवा नवरा मारतो आहे, अशा ठिकाणी ‘तुम्ही काय बदलाल?’ हा प्रश्न म्हणजे दुखावलेल्यावरच दोष टाकणे झाले. तिथे कायदा हवा, पोलीस हवेत आणि पाठीशी उभी राहणारी आपली माणसे हवीत.

आपल्यापैकी कोणास कोचकडे जावेसे वाटलेच, तर पैसे देण्यापूर्वी त्यास चार गोष्टी जरूर विचाराव्यात. शिक्षण कोठे व किती तासांचे घेतले? मी सांगितलेले कोणाच्या कानी जाईल? माझे काम तुमच्या आवाक्यातले नाही असे आढळल्यास मला कोणाकडे पाठवाल? आणि साधारण किती भेटींनंतर आपण थांबू? या शेवटच्या प्रश्नास जो उत्तर देत नाही, किंवा त्याऐवजी वर्षभराची रक्कम एकदम भरा म्हणतो, त्यास नमस्कार करून उठावे.